सीताफळीच्या वळणावरचा आवाज

मित्रांनो, तुम्ही माझा आवाज ऐकला असेल, पण तोंड काही पाहिलं नसेल. आमची जातच तशी. गाडीच्या नाकाआड, जाळीच्या मागे, धुळीत आणि चिखलात आमचं बिऱ्हाड. मी एका काळ्या-पिवळ्या जीपचा जुना हॉर्न आहे. अकरा वर्षं धारूरच्या घाटात घसा ताणला आणि आता धारूरमध्येच, बबिताताईंच्या दुकानात, एका खिळ्याला टांगलेला आहे. इथून रस्ता चांगला दिसतो.

हॉर्न म्हटलं की लोक नाक मुरडतात, हे मला ठाऊक आहे. त्यांचंही खोटं नाही. आमच्यातले काही जण लग्नाच्या वरातीत, दवाखान्यापुढे, शाळेपुढे उगाच बोंबलत सुटतात. त्यांच्यामुळे सगळ्या भावकीचं नाव खराब झालं. पण एका कुळात जन्मलो म्हणून सगळे सारखे नसतात, बरं का. माझी गोष्ट आधी ऐका, मग काय ते ठरवा.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यातला. पत्र्याची एक वाटी, तिच्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि वर पोलादाचा पातळ पडदा, एवढाच माझा पसारा. बटन दाबलं की वीज येते, वेटोळं पडद्याला ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत हे कितीतरी वेळा होतं आणि त्या थरथरीलाच तुम्ही 'पों' म्हणता. माझ्या पाठीवर एक लहानसा स्क्रू आहे. तो फिरवला की आवाज थोडा मोकळा होतो नाहीतर थोडा दाटतो. हा स्क्रू ध्यानात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आवाज माझा पहिल्यापासूनच घोगरा. कारखान्यातल्या तपासणाऱ्याने मला वाजवून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. पण शिक्का मारला आणि सोडून दिलं. पुढे बीडच्या एका दुकानात मी चार महिने फळीवर पडून होतो. येणारी गिऱ्हाइकं माझ्या शेजारचे कर्कश गडी उचलून नेत आणि मी आपला तिथल्या तिथेच. मग एके दिवशी जीवन आला. नवीन जीप घेतलेला, नवीनच लग्न झालेला, खिशाला कंगवा लावलेला. त्याने पाच-सहा हॉर्न वाजवून घेतले आणि माझ्यापाशी थांबला.

"ह्योच द्या," तो म्हणाला. "आमचा मामा शेताच्या बांधावरून हाक मारतोय असं वाटतंय."

त्या दिवसापासून मी जीवनचा झालो.

जीवनचं गाव घाटाखाली. सकाळी माणसं भरून जीप घाट चढायची, धारूरला यायची आणि उन्हं कलली की बाजारहाट केलेल्या माणसांना घेऊन पुन्हा खाली उतरायची. घाटात वळणं पुष्कळ. पण खालून तिसरं जे वळण आहे ना, त्याला सगळे 'सीताफळीचं वळण' म्हणतात. एका बाजूला कापलेला खडक, त्यावर सीताफळीची दाट झुडपं, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा. वळणाच्या पलीकडचं काही म्हणून दिसत नाही. तिथे डोळ्यांचं काम कानांनाच करावं लागतं.

आणि नेमकी तिथूनच सारजामावशीची शेरडं रस्ता ओलांडायची. वरच्या माळावर चारा, खालच्या ओढ्यात पाणी, मधे रस्ता. दुसरी वाटच नव्हती. मावशी साठीच्या पुढची, एकटी, काठीच्या आधाराने चालणारी. बावीस शेरडं हाच तिचा गोतावळा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. तिला माणूस दिसायचा तो नुसता सावलीसारखा. डॉक्टरांनी ऑपरेशनला थंडीतली तारीख दिली होती, पण तोवर रस्ता तर रोजच ओलांडायचा होता.

यावर जीवनने एक तोड काढली होती. वळणाच्या अलीकडे तो मला वाजवायचा, दोन आखूड आणि एक लांब. संध्याकाळी उतरताना बाजारातून उचललेली कोबीची पानं, कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला असलं काहीबाही पोत्यात असायचं. ते तो कठड्याजवळच्या रुंद जागेत टाकायचा. आठवडाभरात शेरडांना उमजलं की हा घोगरा आवाज आला म्हणजे कठड्यापाशी पाला पडतो. मग मी वाजलो रे वाजलो की बावीसच्या बावीस शेरडं रस्ता सोडून कठड्याला लागायची. त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांमागे मावशी. सकाळी पाला नसायचा, नुसताच जीवनचा हात हलायचा. पण शेरडं मोठी आशावादी, दोन्ही वेळेला तितक्याच घाईने धावायची.

दुसऱ्या गाड्यांच्या हॉर्नला ती शेरडं भीक घालत नसत. दिवसभर घाटात कोण ना कोण ओरडतच असतं. ट्रक घाटात तशीही मुंगीच्या पावलाने चालतात, मावशीला त्यांची घरघर लांबून कळायची. जीप मात्र हलकी, वळणावर अचानक येणारी. तिच्यासाठी मावशीची एकच खूण होती आणि ती खूण म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान होता. गाडीत दहा माणसं बसायची, पण वळणावरचं काम माझं एकट्याचं होतं.

अशी अकरा वर्षं गेली. पत्रा गंजला, रंग उडाला, कधी कुणी कौतुकाने फडकं मारलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. जोवर कठड्याकडे घुंगरं धावत होती, तोवर माझं सोनं झालेलं होतं.

आता छबुबाईंची ओळख करून देतो, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. छबुबाई म्हणजे जीवनची आई. लेक घाटात गाडी चालवतो, म्हणून तिचा जीव कायम टांगणीला. दर शनिवारी सकाळी ती जुनं काढून नवं लिंबू-मिरची जीपच्या जाळीला बांधायची. आधी ते दोऱ्यात ओवलेलं असे. पण घाटातल्या वाऱ्याने एकदा दोरा तुटला आणि लिंबू कुठेतरी दरीत गेलं. म्हातारीला त्या रात्री घास गेला नाही. पुढच्या शनिवारी तिने घराच्या बांधकामातून उरलेली लोखंडी तार घेतली, तिच्यात लिंबू आणि मिरच्या ओवल्या आणि जाळीच्या गजाला घट्ट वेढा दिला. तारेचं उरलेलं टोक कुणाच्या हाताला लागू नये, म्हणून जाळीतून आत लोटून दिलं.

आत कोण, तर मी.

त्या शनिवारी सकाळी घाट चढताना सीताफळीच्या वळणाअलीकडे जीवनने बटन दाबलं. वीज माझ्याकडे निघाल्याचं मला कळलं. पण माझ्या दारात येऊन ती भलतीकडेच वळली आणि पुढे सगळं गार. जीवनने पुन्हा दाबलं. काही नाही. तोवर वळण आलं.

शेरडं रस्त्याच्या मधोमध होती. जीवनने पाय ब्रेकवर रोवला, चाकं घासली, गाडीतली माणसं एकमेकांवर आदळली. चांदी नावाची पांढरी शेळी बंपरचा धक्का लागून पडली. तिच्या पलीकडे दोन हातांवर सारजामावशी उभी होती, काठी टेकून, तोंड दुसरीकडेच केलेलं.

"कोण हाय?" तिने विचारलं.

"मी हाय मावशी. जीवन."

"मंग वाजवला कावून न्हाईस रं?"

जीवन खाली उतरून चांदीपाशी बसला. मावशी चांदीच्या अंगावरून हात फिरवत म्हणाली, "तुझा आवाज न्हाई म्हंजी गाडी न्हाई. एवढ्या भरवशावर मी रस्त्यात पाय टाकते, बाबा."

ती रागावली नव्हती, हेच जीवनला जड गेलं. त्याने चांदीला गाडीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. पण दोन हात पुढे काय झालं असतं, ते त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या दिवसापासून तो वळणाअलीकडे गाडी थांबवायचा, खाली उतरून वळण चालत पार करायचा, "मावशी, गाडी येतीया" असं ओरडायचा आणि माघारी येऊन गाडी काढायचा. गाडीतली माणसं हसायची. एक जण तर म्हणाला, "काय बे जीवन्या, गाडी तुला नेतीया का तू गाडीला?" जीवनने ऐकून घेतलं आणि उतरायचं काही सोडलं नाही.

त्याच शनिवारी तो मला दाखवायला मोहनरावांकडे गेला. गाड्यांच्या सामानाचं त्यांचं दुकान. माणूस मनाने वाईट नव्हता, पण फार उतावळा.

"किती वर्षं झाली ह्याला?" मोहनरावांनी विचारलं.

"अकरा."

"मंग आता काय शंभर वर्षं वाजायचा का? गेला हा. बदलून टाका."

एकदा बॅटरीला लावून तरी पाहायचं, माझी नाडी तरी बघायची. पण नाही. मला खोलून फरशीवर टाकलं, आणि माझ्या जागी चकचकीत लाल रंगाचा, गाणं म्हणणारा हॉर्न बसवला. सोबत नवा फ्यूज टाकला. काम करताना लिंबाची तार त्यांनी बाजूला सारली होती, म्हणून नवा गडी लगेच गायला लागला. झालं, दोष माझ्याच नावावर लागला. जीवनने मला फरशीवरून उचललं, पँटला पुसलं आणि सीटखाली ठेवलं. एवढी माया त्याने केली, ती मी विसरलो नाही.

मित्रांनो, माझी दशा बघा. जन्मभर ओरडायचं काम केलं आणि ज्या दिवशी खरंच काही सांगायचं होतं, त्या दिवशी मुका. तारेचं टोक माझ्या पिनेला, म्हणजे वीज आत येते त्या जागी, टेकलेलं मी बघितलं होतं. पण सांगू कुणाला?

नवा हॉर्न वळणावर गायला लागला, तशी शेरडं कठड्याकडे जायची सोडून बिथरली. चार इकडे, सहा तिकडे, दोन थेट गाडीपुढे. मावशी मधोमध गोंधळून उभी. म्हणजे आधी निदान आवाज नव्हता, आता नको तो आवाज होता. म्हणून जीवनचं उतरून चालणं सुरूच राहिलं. आणि पुढच्या शनिवारी तो गाणारा गडीही ठप्प झाला. मोहनरावांनी पुन्हा लिंबाची तार बाजूला सारून फ्यूज बदलला, हॉर्न गायला लागला. तिसऱ्या शनिवारी पुन्हा ठप्प. या खेपेला मोहनराव वैतागून म्हणाले, "फ्यूज टिकत न्हाई ना, मग फ्यूजच्या जागी तारेचा तुकडाच टाकतो. कसा जळतो बघू."

जीवनला विजेतलं फारसं कळत नव्हतं. पण घरात फ्यूजच्या जागी तार टाकली तर काय होतं, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याने गाडी वळवली आणि धारूरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडपुढे आणून उभी केली. गाडीत छबुबाई बसलेल्या होत्या. शनिवारची भाजी घ्यायला त्या त्याच्यासोबत आल्या होत्या.

ते शेड बबिताताईंचं. त्यांचे वडील रामप्रसाद विहिरीवरच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळलेलं वेटोळं काढून नवी तार गुंडाळायचे. ताईंना पाटीवरची अक्षरं कळायच्या आधी तांब्याच्या तारेची जाडी बोटाने कळायची. पुढे त्यांनी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. पहिलं वर्षभर माणसं गाडी घेऊन यायची, दुकानात बाई बघून पुढे जायची आणि दोन दिवसांनी मुकाट्याने माघारी यायची. आता कुणी पुढे जात नाही.

मी सीटखाली होतो, पण दार उघडं होतं. मला सगळं दिसत होतं आणि त्याहून जास्त ऐकू येत होतं. खरं सांगतो, त्या पाऊण तासात जे मी पाहिलं त्याने माझा सगळा अभिमान निमूट खाली बसला.

जीवन घाईने म्हणाला, "ताई, हॉर्न बघा. दोन झाले. आता तिसरा टाका."

बबिताताईंनी पाना हातात घेतलाच नाही. त्यांनी स्टुलावर बसकण मारली. "आदी सांगा, मग खोलू. कवापासून बिघडलंय?"

"दोन आठवडे झाले."

"गाडी तापल्यावर बंद पडतो का गार असताना?"

"सकाळीच. घाट चढताना."

"कोणत्या वारी?"

जीवन हसला. "वाराचा काय संबंध, ताई?"

"तुमी सांगा तर."

जीवनने बोटांवर मोजलं आणि त्याचा चेहरा बदलला. "शनिवारी. तिन्ही बारीला शनिवारीच." आणि मग न विचारताच त्याने सगळं सांगितलं. मावशी, चांदी, मोतीबिंदू, पाला, सगळं. "ताई, लोकांना हॉर्न म्हंजी नुसता आवाज. आमच्या मावशीचा तेवढ्यावर जीव हाय. एक बार वाचली. दुसऱ्या बारीला काय सांगावं?"

ताईंनी मधे तोंड घातलं नाही. त्याचं बोलणं संपल्यावर उठल्या आणि म्हणाल्या, "बटन दाबा." जीवनने दाबलं. त्यांनी डोळे मिटून कान दिला. आत कुठेतरी बारीक 'टक' झालं. "ह्यो टक झाला म्हंजी बटन चांगलं, तिथवरच्या वायरी चांगल्या." मग फ्यूज काढून उन्हात धरला. आतली तार तुटलेली होती.

"ह्यो फ्यूज बिघडला न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यानं गाडीसाठी जीव दिला. कावून दिला ते शोधायचं."

असं बोलणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मोहनराव दोनदा फ्यूज बदलून मोकळे झाले, पण तो का गेला हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

नवा फ्यूज टाकायच्या ऐवजी ताईंनी दोन वायरींचा एक बल्ब त्या जागी लावला. बटन दाबलं तसा बल्ब लख्ख पेटला. "म्हंजी वीज हॉर्नातून जायच्या आदीच कुठंतरी पळून चालली." मग त्यांनी तो लाल हॉर्न जागेवरून सोडवला, वायरी तशाच ठेवून हातात धरला आणि पुन्हा दाबायला सांगितलं. आता बल्ब मंद पेटला आणि हॉर्न अर्धमेल्या आवाजात गायला. ताई गालात हसल्या.

"जागेवर असला की दोष, हातात घेतला की न्हाई. म्हंजी दोष हॉर्नात न्हाई, भाऊ. दोष जागेत हाय. आन वीज काय कॅलेंडर बघत न्हाई. शनिवार माणसाला कळतो. शनिवारी तुमी गाडीला काय करता?"

"काय न्हाई. धुतो. आन माय लिंबू-मिरची बांधती."

ताई जाळीपुढे गुडघ्यावर बसल्या. ताजं रसरशीत लिंबू बाहेर लोंबत होतं. त्यांनी एक बोट लिंबाखाली धरून ते वर उचललं, तसं जाळीच्या आतलं तारेचं टोक खाली गेलं. बोट काढलं, लिंबू खाली आलं आणि आतलं टोक वर उचललं जाऊन बरोबर हॉर्नच्या पिनेच्या जागी टेकलं, म्हणजे वीज तिथूनच तारेवाटे जाळीत पळणार. जत्रेतल्या वर-खाली होणाऱ्या फळीसारखं. शनिवारी लिंबू जड, म्हणून टोक वर. आठवडाभरात सुकून हलकं झालं की टोक आपोआप खाली. त्यांनी हे तीनदा करून जीवनला दाखवलं.

छबुबाई गाडीतून उतरून मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "माझ्याच हातानं झालं हे. ती बिचारी आंधळी बाई मेली असती की."

जीवन चुळबुळला. ताई गुडघ्यावरूनच मागे वळल्या. "माय, तुमी राखण म्हणून बांधलं. एक राखण दुसऱ्या राखणीला आडवी आली, एवढंच झालं. लिंबू बांधा, पर सुतळीत ओवा. सुतळीतून वीज जात न्हाई आन घाटाच्या वाऱ्यानं ती तुटत बी न्हाई." त्यांनी स्वतःच्या फळीवरची सुतळी काढून दिली. छबुबाईंनी तिथेच रस्त्याकडेला बसून लिंबू पुन्हा ओवलं आणि जाळीपासून लांब, बंपरच्या कडेला बांधलं. गाठ बबिताताईंना दाखवून घेतली.

इथे मला वाटलं, आता माझा दिवस आला. जीवनने मला सीटखालून काढलं. "ताई, मंग ह्यो चांगलाच असंल. ह्यालाच बसवा. शेरडं ह्यालाच वळखत्यात."

बबिताताईंनी मला बॅटरीला लावलं. दोन आठवडे साठवलेला सगळा जोर मी एकवटला आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर 'खर्र'. त्यांनी पाठीवरचा स्क्रू पाव आटा फिरवला. आता मी वाजलो, माझ्याच आवाजात वाजलो. जीवनचा चेहरा खुलला. पण ताईंनी माझ्या पडद्यावर बोटाचं टोक टेकवून ठेवलं होतं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कारखान्यातल्या माणसाची आठी मला आठवली.

"पडद्याला गंजून चीर गेलीया," त्या म्हणाल्या. "आज वाजंल, उद्या वाजंल. मंग एक दिवस वळणावरच दगा देईल. खोटं सांगून मी हा बसवणार न्हाई."

मित्रांनो, मला वाईट वाटलं. इतके दिवस मी छाती ठोकून म्हणत होतो की माझ्यात दोष नाही. मोहनराव न बघता जे बोलले ते अर्धं खरं निघालं. पण त्यांनी ते अंदाजाने म्हटलं होतं आणि ताईंनी बोट ठेवून सांगितलं. निवाडा विरुद्ध गेला तरी न्यायाधीश खरा असला की मन कडू होत नाही.

 मग त्यांनी आतून पेटी आणली. तिच्यात माझ्याच घडणीचे, घोगऱ्या जातीचे चार कोरे हॉर्न होते. एकेक लावून वाजवला आणि माझ्या आवाजाला जवळचा असा एक निवडला. मग खरं काम सुरू झालं. मला एकदा वाजवायचं, त्याला एकदा वाजवायचं, त्याचा स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा मला, पुन्हा त्याला. कोरा गडी आधी फारच मोकळा वाजत होता. त्याला माझ्यासारखा दाटून बोलायला त्या शिकवत होत्या. एखादी आई लेकराकडून पाढे म्हणवून घेते ना, तितक्या चिवटपणे. चहा आला, गार झाला, त्यांनी हात लावला नाही.

शेवटी त्यांनी जीवनला पाठ फिरवून उभं केलं. "जुना कोणता, नवा कोणता, सांगा." जीवन पहिल्यांदा बरोबर बोलला. त्यांनी स्क्रू अजून जरासा हलवला. दुसऱ्यांदा तो चुकला, तिसऱ्यांदाही चुकला.

"झालं की मग, ताई," तो म्हणाला.

"तुमचे कान फसले. शेरडाचे फसायला पायजेत," असं म्हणून त्यांनी दुकानाचा पत्रा ओढला आणि गाडीत छबुबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

उन्हं कलली होती. मला पुढच्या खणात ठेवलं होतं. वळणाच्या बऱ्याच अलीकडे जीवनने गाडी थांबवली. बबिताताई उतरून पुढे चालत गेल्या आणि वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या. काही झालंच तर मावशीला धरायला त्या तिथे असणार होत्या. पोत्यातला पाला मात्र त्यांनी जीवनला बाहेर काढू दिला नव्हता. आधी आवाज, मग पाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

जीवनने गाडी पुढे घेतली, अगदी पायी चालल्यागत.  छबुबाई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होत्या. त्याने बटन दाबलं. दोन आखूड, एक लांब.

घाटातून माझा आवाज गेला आणि मी तर खणात पडलेलो. कसं सांगू तुम्हाला. अकरा वर्षांत मी माझा आवाज असा बाहेरून, लांबून कधी ऐकलाच नव्हता. चांगला होता हो. खरंच मामाने हाक मारावी तसा.

आधी काहीच नाही. मग एक घुंगरू वाजलं. मग दोन, चार, आणि मग एकदम सगळी, एकाच दिशेने. गाडी वळली. रस्ता रिकामा होता. कठड्याला बावीस शेरडं माना वर करून पाल्याची वाट बघत उभी होती, लंगडणारी चांदी सगळ्यांत पुढे. तिच्या मागे काठी टेकून मावशी आणि मावशीपासून एका हातावर बबिताताई, तिला हात न लावता.

"आला बघ जीवन," मावशी कुणाला तरी म्हणाली. मग गाडीच्या दिशेने तोंड करून, "इतके दिवस कुठं गेलता रं?"

 जीवन खाली उतरला आणि त्याने सगळं पोतंच तिथे ओतलं.

त्या दिवसापासून माझी नेमणूक या खिळ्यावर आहे. मला मोडीत घालायचं नाही, असं ताईंनी सांगून ठेवलंय. नव्या गड्याचा पडदाही कधीतरी थकेल, तेव्हा तिसऱ्याला शिकवायला मूळ आवाज लागेल. मोहनरावही हल्ली अवघड गाड्या इकडे पाठवतात. एकदा तर स्वतः येऊन बल्ब कसा लावायचा ते बघून गेले.

आणि परवा काय झालं, ते सांगून थांबतो. थंडीत सारजामावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जाड काळा चष्मा लावून, चांदीला उंबऱ्याबाहेर ठेवून, तिची दोरी हातात धरून, ती सरळ या दुकानात आली. "तो हॉर्न कुठं हाय?" तिने विचारलं. ताईंनी बोट दाखवलं. मावशीने मला खिळ्यावरून काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि चष्म्याजवळ नेऊन कितीतरी वेळ बघितलं. गंज, पोचे, उडालेला रंग, काही म्हणून लपवता आलं नाही. मला लाज वाटली.

"एवढासाच हायेस व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, लई मोठा असशील."

तिने पदराने माझा पत्रा पुसला. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी मला पुसायचं म्हणून पुसत होतं. मित्रांनो, माझं मागणं फार नाही. कशाचंही काम थांबलं की लगेच त्याला फेकू नका. ते का थांबलं हे आधी विचारा, आणि विचारल्यावर नीट ऐका. आणि गाडीतला आवाज जपून वापरा, कारण कुठल्यातरी वळणावर कुणीतरी त्याच्या भरवशावर पाय टाकत असतं.

मग मावशी ताईंना म्हणाली, "एक बार वाजव की गं." ताईंनी मला बॅटरीला लावलं. चिरलेल्या पडद्याने जेवढं जमलं तेवढं मी वाजलो, दोन आखूड, एक लांब. चांदीने मावशीच्या हातातून दोरी हिसकली, ती उंबरा ओलांडून आत आली आणि माझ्यासमोर मान वर करून उभी राहिली. बबिताताईंनी भाजीच्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढून तिच्यापुढे टाकली.